लांबच्या सफरीची मोटारसायकल : आधी काय घ्यावे, मागून काय

आपल्या मोहल्ल्यात मोटारसायकल म्हणजे एके काळी फक्त कामाचे साधन होते. दूधवाल्याची, कापडाचे गठ्ठे नेणाऱ्याची, शाळेत जाणाऱ्या मास्तरांची. आज तीच मोटारसायकल घेऊन तरुण मुले ईदच्या सुटीत गोव्याला, हंपीला, विजापूरला जाऊन येतात, आणि दोन-तीन वर्षे पैसे साठवून थेट लेह-लडाख गाठतात. मुलगा असा इरादा बोलून दाखवतो तेव्हा घरात काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. अम्मीचा जीव खाली-वर होतो, अब्बा खर्च विचारतात, धाकटा भाऊ मोबाइलवर चमकणाऱ्या दिव्यांच्या गाड्यांचे व्हिडिओ दाखवतो.

जाऊ द्यावे की नाही, हा वाद ज्याच्या त्याच्या घरात होईल. या लेखात आम्हाला पुढचे सांगायचे आहे. जायचे नक्की झाले असेल तर गाडीवर आणि अंगावर काय असावे, ते कोणत्या क्रमाने घ्यावे, आणि तो क्रम चुकला तर काय होते. दुकानात गेल्यावर हा क्रम नेमका उलटा होतो. जे चमकते ते आधी विकले जाते, आणि जे जीव वाचवते ते "जमल्यास घेऊ" म्हणून राहते.

गेल्या वर्षी आमच्या भाच्याने मिरजेहून लेहला जायचे ठरवले. सामानासाठी त्याने पन्नास हजार रुपये बाजूला ठेवले होते आणि एक यादी केली होती. यादीत जादा एलईडी दिव्यांची जोडी, मोबाइलचा स्टँड आणि चार्जर, हेल्मेटवर लावायचा कॅमेरा, ब्लूटूथ इंटरकॉम, हात गरम ठेवणाऱ्या मुठी, हवा भरायचा छोटा पंप, एवढे होते. अगदी शेवटी लिहिले होते, "जॅकेट, जमल्यास." हेल्मेटचे नावच नव्हते. विचारले तर म्हणाला, "मामू, हेल्मेट आहे की माझ्याकडं." ते हेल्मेट सात वर्षांचे होते आणि दोनदा जिन्यावरून पडलेले होते. आम्ही वही घेऊन त्याच्याबरोबर बसलो आणि यादी खालून वर लिहायला घेतली.

पहिला खर्च अंगावरचा

हेल्मेटच्या बाहेरच्या कवचाच्या आत थर्माकोलसारखा जाड थर असतो. डोके आपटते तेव्हा हा थर दबतो आणि धक्का स्वतःवर घेतो. तो एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी आतून कामाचे राहिलेले नसते. घाम, ऊन आणि तेल यांनीही हा थर कमजोर होतो, त्यामुळे साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलावे असे बनवणारेच सांगतात.

भारतात 1 जून 2021 पासून दुचाकीचे आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. या चिन्हामागचे मानक आयएस 4151 हे आहे. रस्त्याच्या कडेला दोन-तीनशे रुपयांत मिळणाऱ्या टोपीवर चिन्ह छापलेले असते, पण छापणे सोपे आहे. तेव्हा हेल्मेट ओळखीच्या दुकानातून पावतीसह घ्यावे. तोंड आणि हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेटच घ्यावे. माप पाहण्याची रीत अशी : हेल्मेट घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, डोके हलवले तर हेल्मेट डोक्याबरोबर हलले पाहिजे, आणि पट्टा बांधून मागून वर ढकलले तर निघता कामा नये. हनुवटी आणि पट्टा यांत दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही तेवढेच सक्तीचे आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 दोघांनाही लागू आहे. ते मोडले तर 1000 रुपये दंड होतो आणि तीन महिन्यांपर्यंत परवाना निलंबित होऊ शकतो. दंडाची भीती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. पुढे बसणाऱ्याला खड्डा दिसतो, तो हँडल घट्ट धरतो. मागे बसलेल्या बहिणीला किंवा बायकोला तो दिसत नाही.

बहिणींसाठी एक सूचना. हेल्मेटच्या आत रुमालाची जाड घडी, केसांचा उंच अंबाडा किंवा डोक्यावर खोचलेल्या पिना नसाव्यात. घडीमुळे हेल्मेट सैल बसते आणि पडल्यावर निघून जाते, आणि पिन तर थेट डोक्यातच रुतते. पातळ सुती टोपडे किंवा अंगासरशी बसणारे नकाबसारखे कापड आत घालावे. हेल्मेटखाली घालायची अशी कापडी टोपी दुकानात मिळते. ती केस आणि मानही झाकते.

हेल्मेटनंतर हातमोजे. पडताना माणूस आधी हात टेकतो, हा आपोआप होणारा प्रकार आहे. तळहाताला जाड तुकडा शिवलेले मोजे कातडी वाचवतात. मग जॅकेट. जॅकेटमध्ये कोपर, खांदे आणि पाठीला संरक्षक पट्ट्या असतात. घेताना त्यावरचा मानकाचा छाप पाहावा. हातपायांच्या पट्ट्यांसाठी ईएन 1621-1 आणि पाठीसाठी ईएन 1621-2 असा छाप असतो आणि पुढे लेव्हल 1 किंवा लेव्हल 2 लिहिलेले असते. पाठीच्या लेव्हल 1 पट्टीतून चाचणीच्या वेळी सरासरी 18 किलोन्यूटनपर्यंत धक्का आत जाऊ शकतो, लेव्हल 2 मधून 9 पर्यंतच. म्हणजे निम्मा. अनेक स्वस्त जॅकेटांत पाठीला नुसता स्पंजचा तुकडा असतो. तो काढून खरी पट्टी वेगळी घेता येते, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या तुलनेत किरकोळ असतो.

पायात घोट्याच्या वर जाणारे बूट हवेत. चप्पल आणि सँडल घालून कोणी घाट चढू नये. गुडघ्यांना पॅड हवेत. पावसाळ्यात रेनकोट जॅकेटच्या वर घालावा, त्याला उजेडात चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यात. कानात फोमचे बोळे घालण्याची पद्धत आपल्याकडे नवीन आहे, पण ती चांगली आहे. हमरस्त्यावर हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या वर जातो. दिवसभर तो ऐकून कान बधिर होतात आणि माणूस लवकर थकतो. बोळ्यांनी हॉर्न ऐकू येत राहतो, वाऱ्याचा गोंगाट तेवढा कमी होतो.

भाच्याच्या पन्नास हजारांतला अर्ध्याहून अधिक भाग इथेच संपला. त्याचे तोंड उतरले. पण यादीचा हाच भाग असा आहे की तो सफरीनंतरही रोज उपयोगाचा आहे.

ओढणी, बुरखा आणि मागचे चाक

आता घरातल्या प्रत्येकाने वाचावी अशी गोष्ट. लांबच्या सफरीसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना बॅगा टांगायच्या असतात. त्यासाठी लोखंडी चौकट बसवतात. अनेक गाड्यांवर ही चौकट बसवताना डाव्या बाजूचा साडीगार्ड काढावा लागतो. सफर संपते, बॅगा उतरतात, चौकटही कधी निघते, पण साडीगार्ड गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. मग पंधरा दिवसांनी त्याच गाडीवर बहीण किंवा अम्मी मागे बसून बाजारात जाते.

साडीचा पदर, ओढणी किंवा बुरख्याचा घेर फिरत्या चाकात किंवा चेनमध्ये गेला तर तो क्षणात गुंडाळला जातो आणि बसणारी खाली ओढली जाते. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला तीन गोष्टी सक्तीच्या आहेत : मागच्याने धरायची पक्की दांडी, पाय ठेवायची जागा, आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण. साडीगार्ड ही शोभेची वस्तू नाही. चौकट घेतानाच साडीगार्डसह बसणारी, किंवा चौकटीलाच जाळी असलेली घ्यावी. आणि काढलाच असेल तर गाडी घरी आल्या दिवशी तो परत लावावा. अम्मीने हे एकच विचारले तरी पुरे : "पोरा, गार्ड लावलास का?"

टायर, ब्रेक आणि ओझे

अंगावरच्या सामानानंतर पैसे जावेत ते टायर, ब्रेकपॅड आणि चेनवर. रस्ता आणि गाडी यांचा संबंध टायरच्या तळहाताएवढ्या दोन तुकड्यांपुरता असतो. नक्षी झिजली असेल तर सफरीआधी टायर बदलावा. आणि तो निघायच्या दिवशी न बदलता आठ-दहा दिवस आधी बदलावा, म्हणजे नव्या टायरचा गुळगुळीतपणा गावातच निघून जातो. 125 सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे झाले. पण एबीएस चाक अडकू देत नाही एवढेच. झिजलेल्या टायरला ते पकड देत नाही.

टायर ट्यूबलेस असेल तर चिकट दोरीचे पंक्चर किट आणि पंप पुरतो. तारांच्या आऱ्यांच्या बहुतेक चाकांना ट्यूब असते. तेव्हा पुढची आणि मागची अशा दोन ट्यूबा, टायर उचकटायच्या पट्ट्या, आणि घरी एकदा स्वतः टायर काढून बसवण्याचा सराव, हे तिन्ही हवे. सराव न करता नेलेले हत्यार नुसते ओझे असते. जादा क्लच केबल घेतलीच तर ती जुन्या केबलच्या कडेने आधीच ओढून बांधून ठेवावी. जुनी तुटली की दोन टोके बदलली, काम झाले.

ओझे लादण्याचा नियम बैलगाडीवाल्याला ठाऊक असतो तोच : जड सामान खाली आणि मध्याकडे. हत्यारे, ट्यूबा, पाणी बाजूच्या बॅगांत. हलके कपडे मागच्या बॅगेत. मागे उंच ढीग रचला की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल डगमगते. लवचिक हुकाच्या दोऱ्या सुटतात आणि चाकात जातात. त्याऐवजी बकल असलेले सपाट पट्टे वापरावेत. ओझे वाढले की टायरमधली हवाही वाढवावी लागते. किती, ते चेनकव्हरवरच्या चिठ्ठीत किंवा पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगवेगळे दिलेले असते. हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासावी.

विजेचा हिशेब

आता भाच्याच्या यादीतला आवडता भाग : दिवे, मुठी, चार्जर. इथे आम्ही त्याला आठवीचे गणित घातले. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट. मोटारसायकलची वीज 12 व्होल्टची. ती तयार करतो इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर. बॅटरी ती फक्त साठवते. घरात कमावता एक आणि खाणारी तोंडे दहा, अशी स्थिती झाली की साठवण संपते. गाडीचेही तसेच आहे.

समजा पुस्तिकेत अल्टरनेटर 220 वॅटचा दिला आहे. हा आकडा इंजिन चांगल्या फेऱ्यांवर असतानाचा. त्यातून गाडी स्वतःसाठी आधी घेते. हॅलोजन हेडलाइटचा बल्ब 60/55 वॅटचा असतो, आणि 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या गाड्यांवर तो दिवसाही चालूच राहतो. पेट्रोलचा पंप, इंजिनाचा संगणक, ठिणगी, मागचा दिवा, मीटर, हे सगळे मिळून ढोबळमानाने 130 वॅट धरू. उरले 90. आता यादी मांडू. जादा दिव्यांची जोडी 40 वॅट, गरम मुठी 36, मोबाइलचा जलद चार्जर 20, कॅमेरा 10. बेरीज 106. म्हणजे गाडी जोरात पळत असतानाही 16 वॅटची तूट. ती भरते बॅटरी.

पण घाटात ट्रकच्या मागे गाडी रांगत असते तेव्हा काय? फेऱ्या कमी, तर वीजही कमी. समजा निम्मी, म्हणजे 110. खर्च तोच 236. तूट 126 वॅट. 12 ने भागले तर साडेदहा अँपिअर. या गाड्यांची बॅटरी आठ-नऊ अँपिअर-अवरची असते. म्हणजे कागदावरसुद्धा पाऊण तास. थंडीत बॅटरीची ताकद आणखी घटते, आणि ती पूर्ण रिकामी होण्याच्या बऱ्याच आधी गाडी बंद पडते.

पूर्वी बॅटरी गेली तर किक मारून गाडी चालू व्हायची. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले, गाड्यांत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, आणि अनेक गाड्यांवरून किकही गेली. आता पेट्रोल ढकलणारा पंप आणि ठिणगी देणारा संगणक दोन्ही विजेवर चालतात. बॅटरी अगदीच बसली तर ढकलूनही गाडी चालू होत नाही. सोबत माणूस असला तरी निर्जन घाटात संध्याकाळी असे अडकणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

हिशेब मांडल्यावर भाच्याने स्वतःच गरम मुठी खोडल्या आणि जाड लोकरी अस्तराचे मोजे लिहिले. कॅमेरा स्वतःच्या बॅटरीवर चालवायचा आणि रात्री मुक्कामी चार्ज करायचा, असे ठरले. खर्च 60 वॅटवर आला. मार्गात दिवे लागत नसतील तेव्हा 20. हे गाडीला झेपते. असा हिशेब प्रत्येकाने आपल्या गाडीच्या पुस्तिकेतले आकडे घेऊन करावा. एक पान आणि दहा मिनिटे लागतात.

हेडलाइटमध्ये 100/90 वॅटचा बल्ब टाकून देणारेही भेटतात. 60 वॅटला 5 अँपिअर जातात, 100 वॅटला सव्वाआठ. तार, स्विच आणि होल्डर पाचासाठी बनवलेले असतात. ते तापतात आणि वितळतात. शिवाय समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येते. उजेड कमी वाटत असेल तर आधी हेडलाइटची काच साफ करावी आणि दिव्याचा कोन नीट करून घ्यावा. मागे ओझे असले की दिवा आकाशाकडे बघतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. जादा दिवे लावलेच तर ते खाली बसवावेत, रोख रस्त्याकडे ठेवावा, स्विच वेगळा असावा आणि समोरून कोणी आले की ते विझवावेत.

तारा जोडण्याची रीत

कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी दिली की तो मूळ तार सोलतो, नवी तार पिळतो आणि काळी टेप गुंडाळतो. गावात हे वर्षभर टिकते. सफरीत पहिल्या पावसात टेप सुटते आणि दोन तारा एकमेकींना लागतात. म्हणून त्याच्यासमोर बसून पुढील गोष्टी करून घ्याव्यात.

जादा सामानाची वीज थेट बॅटरीवरून घ्यावी, मूळ तारा कापू नयेत. मूळ वायरिंग कापले की गाडीची वॉरंटीही अडचणीत येते. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज असावा, म्हणजे पुढे कुठेही तार घासली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडतो. 60 वॅटला 5 अँपिअर, तर फ्यूज साडेसातचा. पंधराचा टाकला की फ्यूज असून नसल्यासारखा. मध्ये एक रिले हवा. रिलेवर चार आकडे असतात : 30 ला बॅटरी, 87 ला दिवे, आणि 85 व 86 यांपैकी एकाला किल्लीच्या स्विचची बारीक तार, दुसऱ्याला अर्थ. असे केले की किल्ली काढली की सगळे बंद होते आणि रात्रभर बॅटरी खाल्ली जात नाही.

जोड दाबून बसवणाऱ्या टर्मिनलने करावेत, वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. तार सायलेन्सरपासून दूर न्यावी. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून पाहावे, तार ताणली जाता कामा नये. शेवटी साधा मल्टिमीटर लावून दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. इंजिन बंद असताना चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन चालू करून फेऱ्या वाढवल्या की 13.8 ते 14.4. सगळे दिवे लावल्यावर चालू गाडीवर आकडा 12.6 च्या खाली गेला, तर समजावे की कमाईपेक्षा खर्च जास्त आहे.

मोबाइल, नकाशा आणि इंटरकॉम

मोबाइल हँडलवर लावण्याआधी हे माहीत असावे : मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली सूक्ष्म यंत्रणा बिघडू शकते, असे ॲपलने 2021 साली स्वतःच जाहीर केले होते. इतर कंपन्यांच्या चांगल्या कॅमेऱ्यांतही अशीच यंत्रणा असते. म्हणून हँडलवर घरातला जुना मोबाइल लावावा, आणि स्टँड रबरी धक्काशोषकाचा घ्यावा. पावसात चार्जिंगची पिन ओली असताना चार्जर लावू नये.

नकाशात मोटारसायकलचे चिन्ह निवडणे आवश्यक आहे. गूगल मॅप्सने ही सोय भारतात डिसेंबर 2017 मध्ये सुरू केली. कारचे चिन्ह राहिले तर नकाशा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, समृद्धी महामार्गावर किंवा अटल सेतूवर नेतो, आणि या तिन्हींवर मोटारसायकलींना बंदी आहे. प्रवासाच्या पट्ट्याचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्यावा. सोबत कागदावर गावांची नावे आणि मधली अंतरे लिहिलेली असावीत. तो कागद चार्ज करावा लागत नाही.

नियमांत 2020 साली झालेल्या बदलानुसार गाडी चालवताना हातातील साधन फक्त रस्ता पाहण्यासाठी, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. इंटरकॉम नवरा-बायकोला किंवा दोन गाड्यांवरच्या मित्रांना उपयोगी पडतो. "पुढे खड्डा आहे", "मला थांबायचे आहे" एवढे बोलण्यासाठी तो ठेवावा. त्यावर फोन घेण्याची सवय लावू नये.

परदेशातून आलेली भेट

आपल्या अनेक घरांतला कोणी ना कोणी दुबई, मस्कत किंवा दोहाला असतो. भाचा लेहला निघाला हे कळल्यावर तिथला काका प्रेमाने एखादे उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र किंवा सॅटेलाइट फोन पाठवतो, की मोबाइलला रेंज नसली तरी खुशाली कळावी. हेतू चांगला, पण भारतात सरकारी परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे गुन्हा आहे. थुराया आणि इरिडियम या उपग्रहसेवांना इथे मनाई आहे. असे यंत्र सामानात सापडल्याने पर्यटकांना विमानतळांवर ताब्यात घेतले गेले आहे. सीमेजवळच्या प्रदेशात ते सापडले तर प्रकरण किती वाढेल याचा विचार करावा. काकांना आधीच सांगावे की जॅकेटची चांगली पट्टी पाठवा, यंत्र नको.

लेहच्या वाटेवर

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागते. हे बदलायला काही दिवस जातात, म्हणून महिनाभर आधी करावे. मनालीहून जाताना 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झालेला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडला की लाहौलमध्ये तांदी येते. तिथल्या पेट्रोलपंपाची पाटी प्रसिद्ध आहे : पुढचा पंप 365 किलोमीटरवर. 15 लिटरची टाकी आणि लिटरला 30 किलोमीटर असा हिशेब 450 देतो, पण चढावर, ओझ्यासह हा आकडा घसरतो. पाच लिटर जादा पेट्रोल धातूच्या किंवा त्यासाठीच बनवलेल्या डब्यात न्यावे, पाण्याच्या बाटलीत नव्हे.

लेह सुमारे 3,500 मीटरवर आहे आणि खारदुंग ला 5,359 मीटरवर. 5,000 मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येतो. इंजिनाचा जोर कमी होतो, आणि चालवणाऱ्याचाही. लेहमध्ये पहिले दोन दिवस गाडी उभी करून आराम करावा. डोकेदुखी वाढत गेली, उलट्या होऊ लागल्या तर पुढे न जाता खाली उतरावे. त्यावर कोणतेही यंत्र उपाय करीत नाही. थंडीत पॉवरबँक आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या रात्री अंथरुणात घेऊन झोपावे.

घरच्यांनी काय करावे

सफरीच्या तयारीत घरच्यांचाही वाटा आहे. जॅकेटच्या खिशात एका जाड कागदावर नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरचे दोन नंबर लिहून ठेवावेत. तेच मोबाइलच्या आणीबाणीच्या माहितीत भरावे, म्हणजे कुलूप असलेल्या मोबाइलवरही ती दिसते. देशभर 112 हा एकच आणीबाणीचा क्रमांक आहे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108. अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून 2019 साली कायद्यात कलम 134अ आले आहे. आपल्या मुलांना हेही सांगावे की रस्त्यात दुसरा कोणी पडलेला दिसला तर थांबा.

एक करार आधीच करावा. मगरिबच्या आधी मुक्काम, आणि मुक्कामी पोहोचल्यावर एक संदेश. दिवसभर फोन करून विचारत बसू नये, कारण गाडी चालवणाऱ्याच्या खिशात वाजणारा फोन त्याचे लक्ष ओढतो. रेंज नसलेल्या टप्प्यांची तारीख आधीच कॅलेंडरवर लिहावी, म्हणजे त्या दिवशी अम्मीला उगाच घोर लागत नाही.

आणि निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळे सामान लादून, सगळे दिवे लावून, पूर्ण पोशाखात दीडशे-दोनशे किलोमीटरची एक फेरी मारून यावी. त्यात एखादा घाट असावा, शक्य तर थोडा पाऊसही. कोणता पट्टा सैल होतो, कोणती तार घासते, हेल्मेट कुठे टोचते, बॅटरी संध्याकाळी किती व्होल्ट दाखवते, हे सगळे त्या एका दिवसात कळते. दुरुस्त करायला आपला मेकॅनिक, आपले दुकान आणि आपले घर जवळ असते. त्या फेरीनंतर यादीत पैसे उरले तर कॅमेरा जरूर घ्यावा. चांगल्या सफरीची चित्रे घरी सगळ्यांना पाहायला आवडतात.